थंडी बनियनमधून वाजते

वाचकांचे प्रश्न : थंडीतले सायकलिंग

दिवाळी सरली की या सदराकडे येणारे प्रश्न टायर-चेनवरून कपड्यांकडे वळतात. यंदा अंगाला चिकटून बसणाऱ्या पहिल्या कपड्याबद्दल, म्हणजे बेस लेअरबद्दल, इतकी पत्रे आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत.

आम्ही चौघे डिसेंबरात वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जातो. सुती बनियन, त्यावर जर्सी, त्यावर विंडचीटर असा माझा वेश असतो. चढताना घामाने निथळतो आणि चहा पिऊन उतरायला लागलो की दात वाजायला लागतात. आणखी जाड जर्किन घ्यावे का? — वाचक, पुणे

जाड जर्किन घेतलेत तर चढाला आणखी घाम येईल आणि उताराला थंडी आणखी वाजेल. बदलायची आहे ती बनियन.

जरा हिशेब मांडू. पसरणी घाटात साधारण साडेपाचशे मीटर उंची चढावी लागते. तासाभरात चढायचे तर पॅडलवर 130 ते 150 वॅट द्यावे लागतात. शरीराचे इंजिन मात्र 20 ते 25 टक्केच कार्यक्षम, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे पॅडलवर 150 वॅट देताना अंगात 500 वॅटच्या आसपास उष्णता तयार होत असते. एक छोटा रूम हीटर पोटाशी धरून चढावे तसे. घाटातला वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, त्यामुळे वारा जवळजवळ नाही. वर विंडचीटरची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. अर्धा लिटर घाम सहज निघतो आणि त्यातला बराचसा बनियनमध्ये साठतो. सुती बनियन स्वतःच्या वजनाइतके पाणी आरामात धरून ठेवते.

आता उतार. बनियनमध्ये फक्त 100 मिलिलिटर पाणी आहे असे धरा. तेवढे पाणी वाफ होऊन उडायला सुमारे 240 किलोज्यूल उष्णता लागते. वीस मिनिटांच्या उतारात ते उडाले, तर हिशेब 200 वॅटचा होतो. पॅडल न मारता बसलेल्या माणसाच्या शरीरात 100 वॅटच्या आसपासच उष्णता तयार होते. थोडी उष्णता हवेतूनही येते हे मान्य, पण ताळेबंद तोट्याचाच. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यात वारा : 10 अंश तापमानात ताशी 35 किलोमीटरने उतरताना उघड्या, कोरड्या त्वचेला सहा अंशांसारखे वाटते. ओल्या त्वचेची गोष्टच सोडा.

म्हणून बेस लेअर घ्यायचा तो ऊब देणारा नव्हे, पाणी न धरणारा. पुण्या-साताऱ्याच्या 8 ते 14 अंशांसाठी पातळ पॉलिएस्टरचा किंवा जाळीदार विणीचा, बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा बेस लेअर पुरतो. विंडचीटर चढाच्या पायथ्याशी काढून खिशात ठेवा. पहिली दहा मिनिटे किंचित थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर कपडे जास्त झाले आहेत.

आणि वर पोचल्यावर चहाची ऑर्डर नंतर. आधी आडोशाला जाऊन ओला बेस लेअर काढा, अंग पुसा, प्लास्टिकच्या पिशवीत नेलेला दुसरा कोरडा घाला, त्यावर जर्सी, त्यावर विंडचीटर. बिनबाह्यांच्या सिंथेटिक बेस लेअरचे वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर असते, मागच्या खिशात मुठीएवढी जागा घेतो. मग चहा प्या, भजी खा, काय हवे ते करा.

उतारात थरथर सुरू झालीच तर ती हातांतून हँडलमध्ये उतरते आणि पुढचे चाक डुलू लागते. तेव्हा एक गुडघा सायकलच्या वरच्या नळीला टेकवा, दांडी आवळून धरू नका, वेग हळूहळू कमी करा आणि थांबा. बोटे ब्रेकवर नीट वळत नसतील तर उतरणे तिथेच थांबवायचे, यात शौर्य दाखवण्यासारखे काही नाही.

होजिअरीच्या दुकानात चांगले 'थर्मल' मिळतात. आमच्याकडे निफाडला पारा पाच-सहा अंशांवर येतो. सायकलसाठी वेगळा महाग बेस लेअर कशाला? — वाचक, नाशिक

त्या थर्मलमध्ये वाईट काही नाही. ते रेल्वेच्या खिडकीशी बसून जायला, पहाटे द्राक्षबागेत शेकोटी करायला उत्तम आहेत. अडचण एवढीच की त्यातले बरेच कापूस आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणाचे, दुहेरी विणीचे असतात. बसलेल्या माणसाला ते गरम ठेवतात, घामेजलेल्या माणसाला गार करतात.

किंमत बघण्याआधी आतले लेबल बघा. कापूस निम्म्याच्या आसपास असेल तर सायकलसाठी नको. 'व्हिस्कोस', 'मोडाल', 'रेयॉन' हे शब्दही त्याच यादीत. 'बांबू' म्हणून विकले जाणारे बहुतेक कापड हे बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोसच असते. हाताला रेशमी लागते आणि पाणी कापसापेक्षाही जास्त शोषते. हवे आहे ते पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा मेरिनो लोकर, लवचीकतेसाठी पाच-सात टक्के इलास्टेन चालेल.

लेबल नसेल किंवा त्यावर भरवसा नसेल तर शिवणीच्या आतून एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. कापूस कागदासारखा जळतो, मऊ राख उरते. लोकर जळलेल्या केसांचा वास देते, आणि तिचा काळा गोळा बोटाने चुरडला की भुगा होतो. मिश्रण असेल तर राखेत टणक खडे लागतात. हे घरी, विकत घेतल्यावर करायचे. दुकानात काडी पेटवली तर दुकानदार जे बोलेल त्याला आम्ही जबाबदार नाही.

निफाडच्या थंडीत, पहाटे शेतांमधून निघणाऱ्या सपाट रस्त्यावर पूर्ण बाह्यांचा, मध्यम जाडीचा बेस लेअर आणि पुढून वारा अडवणारे बिनबाह्यांचे जाकीट ही जोडी चांगली. सपाटीवर चढासारखा घाम फुटत नाही, पण वारा सतत छातीवर येतो. घरात थर्मल असतील तर ते राइड संपवून आल्यावर घाला.

बेस लेअर किती घट्ट हवा? मला ढगळ कपड्यांची सवय आहे. — वाचक, अकोला

अंगासरशी हवा. कापड त्वचेला टेकलेलेच नसेल तर घाम शोषून बाहेर कसा नेणार? हात वर करून आणि हँडल धरल्यासारखे वाकून बघा : काखेत, पाठीच्या कण्यापाशी चुणी पडली तर एक माप लहान घ्या, श्वास भरताना छाती आवळली तर मोठे. पाठीमागची लांबी कंबरेखाली चार बोटे तरी उतरली पाहिजे. खांद्यावरची शिवण ज्यात अगदी माथ्यावर येते तो टाळा, तिथेच बिबचे (खांद्यावरून पट्टे जाणाऱ्या सायकल शॉर्ट्सचे) पट्टे आणि सॅकचे पट्टे घासतात. शिवण सपाट, फ्लॅटलॉक पद्धतीची हवी.

बीआरएम, म्हणजे ठरावीक मुदतीत लांब अंतर कापायच्या राइड, करतो. 200 किलोमीटर झाली, आता 300 आणि 600 करायची आहे. मेरिनोचे सगळे गुणगान गातात, पण किंमत ऐकून छातीत धस्स होते. खरेच गरज आहे का? — वाचक, कोल्हापूर

200 साठी नाही, 300 साठी कदाचित, 600 साठी विचार करण्यासारखे.

फरक धाग्याच्या स्वभावात आहे. पॉलिएस्टरचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पोटात घेत नाही. पाणी धाग्यांमधल्या फटींतून पसरते आणि बाहेरच्या बाजूने उडते. म्हणून तो झटकन वाळतो, पण ओला असतानाच्या त्या काळात गार लागतो. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडा वाटतो, आणि ओलावा शोषताना थोडी उष्णताही सोडतो. पावसात घोंगडी पांघरलेल्या धनगराला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. फक्त घोंगडीची लोकर अंगाला टोचते, कारण दख्खनी मेंढीचा केस जाड. मेरिनोचा धागा 17 ते 19 मायक्रॉनचा, दख्खनी लोकर त्याच्या दुपटीहून जाड. धागा तीसेक मायक्रॉनच्या पुढे गेला की टोचायला लागतो.

लोकर वाळायला मात्र वेळ घेते. एकदा पूर्ण भिजली की दोन-तीन तास गेले. त्यामुळे जिथे भरभरून घाम येतो तिथे, म्हणजे तीन-चार तासांच्या जोरकस राइडला, सिंथेटिक सरस. जिथे वेग मध्यम, तास लांब आणि तापमान खालीवर होणारे, तिथे मेरिनो सरस. 600 ला मुदत 40 तासांची. रात्री दोन वाजता एखाद्या धाब्याच्या बाकड्यावर वीस मिनिटे डोळा लागतो, तेव्हा अंगातली इंजिनाची उष्णता बंद झालेली असते. तिथे मेरिनोचा पैसा वसूल होतो. वास न येणे हा दुसरा फायदा. तो तुमच्यापेक्षा तुमच्यासोबतच्या रायडरना जास्त कळेल.

जाडी जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटर कापडाच्या ग्रॅममधल्या वजनावर ठरते. आपल्याकडे 120 ते 150 पुष्कळ. 200 लडाखसाठी किंवा परदेशातल्या हिवाळ्यासाठी. 250 सायकलवर जवळजवळ नकोच, तो तंबूत बसायचा कपडा. घेताना 10-15 टक्के नायलॉन मिसळलेला घ्या. निव्वळ 120 जीएसएमचा मेरिनो सॅकच्या पट्ट्याखाली एका हंगामात विरतो.

मधला मार्ग स्वस्त आहे. एका मेरिनोच्या किमतीत सिंथेटिकचे तीन-चार येतात. दोन घ्या, एक अंगात, एक पिशवीत, आणि संध्याकाळच्या कंट्रोलला (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी), सूर्य मावळायच्या आधी, बदला. रात्रीचा रिफ्लेक्टिव्ह जॅकेट नियमाने लागतोच. तो जाळीचा असतो, त्याने वारा अडत नाही, त्याच्या भरवशावर विंडचीटर घरी ठेवू नका.

पूर्ण बाह्यांचा चांगला बेस लेअर घेतला, तरी छातीखालची पट्टी आणि पाठ ओलीच राहते. उतारात तिथेच गारठते. — वाचिका, सातारा

कारण तुमचा पहिला थर तो नाहीच. पहिला थर स्पोर्ट्स ब्रा आहे. तिच्यात सुती अस्तर आणि फोमचे कप असतील तर वर कितीही भारी कापड घाला, फोम स्पंजसारखा घाम धरून बसतो. काढता येणारे कप असतील तर काढून बघा, एका राइडमध्ये फरक कळेल. पुढच्या खरेदीला पॉलिएस्टर-नायलॉनची, पाठीला जाळी असलेली, अस्तर नसलेली बघा. खालचे इलास्टिक रुंद असले तरी जाड नको. घाटाच्या वर कपडे बदलताना बेस लेअरबरोबर तीही बदलायची असते. पुढून हूक किंवा चेन असलेली असेल तर आडोशाला काम सोपे.

पाठ ओली राहत असेल तर सॅक पाठीवर घेताय का ते बघा. तसे असेल तर सामान सायकलच्या पिशवीत हलवा. सॅकखाली कोणतेच कापड वाळत नाही.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत थर्मलची पँट घालू का? — वाचक, नागपूर

नाही. पॅड थेट त्वचेला लागायला हवे. मध्ये कापड आले की चुण्या पडतात आणि पन्नास किलोमीटरमध्ये मांड्या सोलून निघतात. वरून लेग वॉर्मर चढवा किंवा सैलसर लांब टाइट्स घाला. पंधरा अंशांखाली गुडघे झाकलेले बरे. आणि बिब घालत असाल तर आधी बेस लेअर, त्यावर बिबचे पट्टे, मग जर्सी. उलटे केलेत तर पट्टे थेट त्वचेला घासतील.

सप्टेंबरात लेहहून खारदुंग ला करायचा विचार आहे. अंगात काय घालू? — वाचक, ठाणे

आधी उंचीचा हिशेब. जुन्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेले असले तरी खिंडीची खरी उंची 5,359 मीटरच्या आसपास आहे. लेह सुमारे 3,500 मीटर. दर हजार मीटरला साडेसहा अंश धरले तर लेहपेक्षा वर 12 अंश कमी. लेहला दुपारी 18 असेल तर माथ्यावर 6, ढग आणि वारा असेल तर शून्याकडे, आणि हिमाचा शिडकावा सप्टेंबरातही होतो.

चढाला 150 जीएसएमचा पूर्ण बाह्यांचा मेरिनो, छातीवर चेन असलेला. चेन हे तुमचे रेग्युलेटर : चढ कडक झाला की उघडा, वळणावर वारा आला की ओढा. इथे जाळीदार बनियन एकट्याने नको, तिच्या भोकांतून त्या उंचीवरचे ऊन पाठीवर ठिपके काढते. हवा कोरडी असल्याने घाम दिसतच नाही, उडून जातो. 'मला घाम आलाच नाही' या समजुतीवर कोणी विसंबू नये, तो उडताना उष्णता घेऊनच गेलेला असतो.

पिशवीत : दुसरा कोरडा बेस लेअर (200 जीएसएम चालेल, तो फक्त उतारासाठी), पातळ फ्लीस, वारा अडवणारे जाकीट, हेल्मेटखाली बसेल अशी पातळ कानटोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे दोन जोड. साउथ पुल्लूला, म्हणजे चढातल्या तपासणी नाक्याला, थांबाल तेव्हाच हे सगळे वर काढून ठेवा. माथ्यावर वाऱ्यात पिशवी उपसत बसायचे नाही. तिथे पोचून फोटोच्या रांगेत पंधरा मिनिटे घामेजल्या कपड्यात उभे राहणे हा या खिंडीवरचा सर्वांत महागडा फोटो. आधी बदला. मग उताराचे चाळीसेक किलोमीटर, दर आठ-दहा किलोमीटरला थांबून बोटे काखेत धरा. लेहमध्ये विरळ हवेची सवय होण्याआधी हे करू नका हे वेगळे सांगायला नकोच. डोके दुखत असेल तर कपड्यांचा प्रश्नच येत नाही, परत फिरायचे.

नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. ऑफिस 12 किलोमीटर, सकाळी 2 ते 5 अंश, वारा आणि रिमझिम. ऑफिसला पोचतो तेव्हा आतून भिजलेला असतो. — वाचक, ॲमस्टरडॅमजवळून

आतून म्हणजे पावसाने नाही, रेनकोटच्या आत घामाने. रेनकोट पाऊस अडवतो, तशी वाफही. दोन गोष्टी करा. एक, आत जाळीदार बनियन आणि तिच्यावर 150 जीएसएमचा मेरिनो. ही जाळी नॉर्वेची देणगी. 1930 च्या दशकात तिथल्या एका सैन्याधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून असे बनियन केले होते. मोठ्या भोकांत हवा अडकते आणि ओले कापड त्वचेला सपाट चिकटत नाही. दोन, वेग कमी करा. ताशी 24 ऐवजी 18 ने गेलात तर दहाच मिनिटे जास्त लागतील, घाम मात्र निम्म्याहून कमी.

ई-बाइक घेतली तर हिशेब उलटा होतो : मोटर काम करते, अंगात फारशी उष्णता तयार होत नाही, वारा तेवढाच. तिथे जाड थर, पूर्ण बाह्या, पायातही लोकर, खुशाल घाला.

सिंथेटिक बेस लेअर धुऊनही वास मारतो आणि मेरिनोला भोके पडली. काय चुकते? — वाचक, पनवेल

पॉलिएस्टरला पाण्याचे वावडे, पण तेलाची ओढ. अंगाचे तेल धाग्याला धरून बसते, त्यावर जंतू वाढतात. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखे धुवा. त्यात ब्लीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. फॅब्रिक कंडिशनर पूर्ण बंद. तो धाग्यावर थर चढवतो आणि घाम पसरणे थांबते. 'नवा होता तेव्हा छान होता' अशा तक्रारींचे मूळ पुष्कळदा याच बाटलीत असते. घामेजलेला कपडा रात्रभर बास्केटमध्ये कोंबू नका. अंघोळीबरोबर नुसत्या पाण्यात खळबळून टांगा.

मेरिनोला नेहमीची पावडर नको. तिच्यातले एन्झाइम प्रथिनांचे डाग खाण्यासाठी असतात, आणि लोकर स्वतःच प्रथिन आहे. लोकरीचे लिक्विड किंवा गाळलेले रिठ्याचे पाणी, तेही गार. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत आडवे पसरून वाळवा.

भोके कुठे आहेत ते बघा. खांद्यावर असतील तर सॅकचे पट्टे, मनगटाशी असतील तर हातमोज्याचे व्हेल्क्रो. पोटावर-पाठीवर कुठेही बारीक, विखुरलेली असतील तर कसर लागली आहे. कसर घामट लोकर जास्त आवडीने खाते, म्हणून मार्चमध्ये धुऊन, खडखडीत वाळवून, हवाबंद पिशवीत ठेवा. कसरीची शंका असेल तर तीच पिशवी आठवडाभर डीप फ्रीझमध्ये ठेवा. शेजारी मटारची पिशवी असली तरी हरकत नाही. डांबराच्या गोळ्या टाळा, त्यांचा वास अंग तापले की नाकात भरतो.

जुने सायकलपटू उतारापूर्वी जर्सीत वर्तमानपत्र खुपसत असत, हे खरे का? — वाचक, रत्नागिरी

खरे. युरोपातल्या शर्यतींत डोंगरमाथ्यावर उभे असलेले प्रेक्षक खेळाडूंच्या हातात वर्तमानपत्रे देत. कागद वारा अडवतो आणि थोडा घामही टिपतो. तुमचा विंडचीटर घरी राहिला तर माथ्यावरच्या टपरीवर कालचा पेपर मागा. तीन-चार दुहेरी पाने एकत्र घडी करून बेस लेअर आणि जर्सीच्या मध्ये घाला, गळ्यापासून बेंबीपर्यंत, छातीच्या पूर्ण रुंदीला. त्वचेला लावू नका. पायथ्याशी पोचलात की काढून टाका, एव्हाना त्याचा लगदा व्हायला लागलेला असतो आणि शाई फिक्या जर्सीवर उमटते. आमच्या मासिकाची गुळगुळीत पाने यासाठी चालत नाहीत, सरकून पोटाशी गोळा होतात.